डॉलर बावन्न होईस्तोवर

समुद्रपूर
११ जानेवारी २००९

आचलताई,

अक्षर ओळखलंच असशीन. फाडून फेकाच्या आधी एकडाव पुरी वाच, मंग काय करायचं ते कर.

पत्ता कोकिळानं देल्ला, तुह्या वर्गातली. हिंगणघाटच्या बसमध्ये माह्या बाजूले बसली होती, तिनंच तुहं नाव काढलं. घरात तुहं नाव निघत नाई हे तुले सांगाची गरज नाई. तू आंजी गावच्या आदेशभाऊजीसंग लग्न करून गेली तेव्हापासून बाबा 'मोठी' हा शब्दच बोलत नाई. मीच धाकटी पोरगी अन् मीच एकटी. या चिट्ठीचं बाबाले माहीत नाई. आईले माहीत आहे, पण तिनं विचारलं नाई अन् मी सांगतलं नाई.

आता आयकजो. मी डॉलरचा धंदा करून राह्यली. हास, हास. मलेबी पहिले हासूच आलतं.

झालं असं, का यंदा सरकारनंच कापसाले मोठा भाव बांधून देल्ला. सगळ्या गाड्या सरकारी खरेदीवर चालल्या. आपल्या कापूस मोजाच्या काट्यावर दिवसभर कुत्रं झोपून राह्यते. बाबा गादीवर बसून रस्त्याकडं पाहात, अन् कोणी 'राम राम मोतीलालभाऊ' म्हणून समोर निघून गेलं का आईवर चिडत. तेवढ्यात हेमराज वर्ध्याहून बातमी घेऊन आला का डॉलरचा सौदा आता आपल्या देशातबी चालू झाला, कायद्यानं, कंप्युटरवर, अन् दर रविवारी त्याचा क्लास असते. बाबानं त्याचं नाव टाकलं, घरचा एकुलता पोरगा म्हणून. त्याच्या इंग्रजीचा भरोसा नाई म्हणून संग माहंबी टाकलं.

क्लास घेणारा पियुष सर आहे, नागपूरच्या दलालाच्या ऑफिसातला, माह्याहूनबी लहान वाटते. पहिल्या दिवशी त्यानं सांगतलं का नोट कोणालेच दिसत नाई. हजार डॉलरचा एक लॉट. भाव चढंन असं वाटलं तं घ्या, पडंन असं वाटलं तं आधीच इका. पुरे पैसे भरा लागत नाई, थोडेसे भरून सौदा होते. मी घरी येऊन हे सांगतलं तं बाबा म्हणे, म्हणजे इसार. कापसाचा नाई का आपण इसार देऊन सौदा करत? मी म्हटलं हो, इसारच. पण बाबा, दर दिवशी बाजार बंद झाला का हिसाब होते. भाव चढला तं पैसे आपल्या खात्यात येते, पडला तं तेवढे त्याच दिवशी कटते. हे दुसरं बाबानं आयकलं का नाई, देव जाणे. इसार समजला, तेवढ्यावर त्याइचं समाधान झालं.

मंग परीक्षा झाली. मी पास, हेमराज नापास. दुसऱ्यांदाबी नापास. आता नियम असा आहे, का जो पास झाला त्याच्याच नावानं टर्मिनल, म्हणजे सौद्याचा कंप्युटर, निघते अन् बटन त्यानंच दाबायचं. म्हणून समोरच्या खोलीत, गादीच्या बाजूले, माह्या नावाचं टर्मिनल बसलं. बाबानं त्याले हार घातला अन् मले पेढा देल्ला. 'आमची लक्ष्मी' म्हणे.

तू नागपूरले मानेवाड्यालेच राह्यते ना? घर केवढं आहे? असंच विचारलं.

तुही
रक्षा


समुद्रपूर
८ मार्च २००९

ताई,

तुहं उत्तर नाई आलं. नको येऊ दे. मी लिहिणार.

आमचं लय जोरात चाललं आहे. जानेवारीत अठ्ठेचाळीस-एकोणपन्नासच्या मधात थोडे थोडे घेतले होते, ते एक्कावन्नच्या वर इकले. बाबाचा चेहरा तू पाहाले पाहिजे होता. बसस्टँडवर, किराणा दुकानात, जिथं बसन तिथं डॉलर. सदाशिवराव मास्तर घरी आले तं त्याइले खुर्चीवर बसवून एक घंटा समजावून सांगतलं. मास्तर भले माणूस, चहा पिऊन निघून गेले.

पैसे आले का बाबाची हिंमत वाढते हे तुले माहीत आहे. या हप्त्यात डॉलरनं बावन्न पाह्यला. बाबा म्हणे आता हा पंचावन्नले जाते, अन् एकदम शंभर लॉट घेतले, एक्कावन्न सत्तरनं. म्हणजे बाजारात एक रुपया चढला का लाख आले, एक रुपया पडला का लाख गेले. बटन मीच दाबलं.

पियुष सर फोनवर म्हणे, स्टॉपलॉस लावा. म्हणजे भाव अमुक एवढा पडला का सौदा आपोआप कटते, नुकसान तिथंच थांबते. मी बाबाले विचारलं. त्याइनं माह्याकडं असं पाह्यलं जशी मी भर बाजारात त्याइची टोपी काढली.

"भाव पडला म्हणून पळते, तो व्यापारी कोणता?" म्हणे. "माल दाबून ठेवाचा. भाव येते वापस."

तुले आठवत असन, त्या एका वर्षी पावसाळाभर कापूस घरात ठेवलता. पलंगाखाली, माळ्यावर, तू अन् मी गठ्ठ्यांवर झोपत होतो अन् रात्रभर शिंकत होतो. दसऱ्याले भाव आला. त्या एका दसऱ्याच्या भरोशावर आमचं घर चालून राह्यलं आहे, ताई.

बाकी मी मजेत. सकाळी नऊले बसते, पाचले उठते. मधात उठली का बाबा विचारते, कुठं चालली? मी म्हणते, बाथरूमले. बाबा म्हणते, लवकर ये. आई चहा तिथंच आणून देते, जेवणबी तिथंच. खिडकीच्या गजातून रस्ता दिसते. लाईट गेली का इन्व्हर्टर टूं टूं करते, तो खास माह्यासाठी आणला. उन्हाळ्यात आईले पंखा नाई, पण टर्मिनलले लाईट आहे.

जानेवारीत मी नागपूरले आल्ती. हेमराज संग होता. बँकेत कारकुनाच्या जागेची मुलाखत होती. दिवाळीच्या वेळी फार्म भरला होता, बाबानं तेव्हा नाई म्हटलं नव्हतं. तुह्या घराकडं याचं मनात होतं, पण हेमराजनं बसस्टँडवरून हालू देल्लं नाई. पाऊन घंटा उसाचा रस पीत बसलो.

रक्षा


समुद्रपूर
५ एप्रिल २००९

ताई,

तुही चिट्ठी आली. चार ओळी. पोस्टमन चिंधूभाऊनं हेमराजले दिसू न देता माह्या हातात देल्ली. 'एवढ्या वर्षांनंतर आठवण काऊन आली, काय पाहिजे तुले?' हे लिहिलं आहे तुनं. डोकं सटकलं माहं. लहान बहिणीनं चिट्ठी लिहिली तं तिले काही पाहिजेच असन का? मंग दिवसभर बसून विचार केला. पाहिजे आहे. पण आत्ता नाई सांगत.

पहिले इथलं आयक. डॉलर खाली येऊन राह्यला, पन्नासवर आला आहे. अन् इथं एक गोष्ट झाली, ती मी तुले सोडून कोणालेच सांगू शकत नाई.

हा सौदा महिन्याचा असते. महिना संपत आला का सौदा मरते. समोर न्यायचा असन तं जुना इकून पुढच्या महिन्याचा नवा घ्या लागते. मार्चच्या शेवटी मी बाबाले म्हटलं, आज कराच लागते. बाबा म्हणे, काऊन? डॉलर काय सडते का? कापूस पिवळा पडते, तुरीले कीड लागते, डॉलरले काय होते? मी म्हटलं, बाबा, आपल्या घरात डॉलर नाई, आपल्याजवळ फक्त सौदा आहे. ते म्हणे, तेच तं, माल सांभाळाचीबी कटकट नाई.

मंग मी खात्यातून आजवर किती कटले ते दाखवलं. बाबानं चष्मा लावून पाह्यलं अन् शांतपणे म्हणे, "इकलंच नाई तं नुसकान कायचं?"

मी समजावलं. रोज कटते बाबा, हे पैसे गेले. ते म्हणे, गेले नाई, तिकडं जमा आहे, भाव आला का वापस येते. चांगल्या समजदार माणसाशी बोलून राह्यली अन् तो एका जागी दगडासारखा होऊन जाते, असं कधी झालं तुह्यासंग? झालंच असन. तुह्या लग्नाच्या वेळी झालंच होतं.

मी जुना इकला, नवा घेतला. बाबाच्या हिसाबानं काहीच इकलं नाई. हेमराजबी त्याइच्याच बाजूनं मान हालवते, कारण बाबानं त्याले सांगतलं आहे का पंचावन्न झाले का तुले जीप घेऊन देतो.

रोज पाच वाजता बाबा विचारते, "उद्या चढन ना?" अन् मी काय सांगू? मी हो म्हणते. हो म्हटलं का त्याइले जेवण जाते. आईनंबी मले सांगून ठेवलं आहे, हो म्हणत जाय.

रक्षा


समुद्रपूर
३ मे २००९

ताई,

आता सांगते काय पाहिजे ते.

बँकेची ऑर्डर आली. नागपूरलेच. एक जूनले हजर व्हायचं आहे, नाई झाली तं जागा दुसऱ्याले जाते. तुह्या घरी मले पंधरा दिवस राहू दे, मंग मी हॉस्टेल पाहीन. हे पाहिजे. आदेशभाऊजीले विचारून सांग. माह्या ताटाचे पैसे मी देईन.

ऑर्डर आली तेव्हा बाबानं अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. मी खुश. दोन दिवस मी वेडीसारखी खुश होती, बॅग काढून पुसूनबी ठेवली. तिसऱ्या दिवशी जेवताना बाबा सहज म्हणाले, "जाजो ना. डॉलर बावन्न होऊ दे, मंग जाय."

मी हासली. मले वाटलं गंमत करून राह्यले.

गंमत नव्हती. टर्मिनल माह्या नावाचं. मी नोकरीवर गेली का टर्मिनल बंद होते. टर्मिनल बंद होणार तं सौदा इका लागते. सौदा इकला का बाबाच्या हिसाबानं त्या दिवशी नुकसान होते, त्याच्या आधी नाई. म्हणून मी जाऊ नाई शकत. समजलं तुले? सौदा चालू राहावा म्हणून मी घरात. मी म्हटलं, दुसरीकडं खातं उघडू, दुसऱ्या कोणाले सांगू. बाबा म्हणे, परक्या माणसाच्या हातात घराची लक्ष्मी देऊ?

मले कोणी मारलं नाई, कोंडलं नाई. तू आली तं तुले वाटन काय लाडात आहे ही. कूलर माह्याकडं फिरवून ठेवला आहे. आंबे आले का पहिला आंबा मले. फक्त स्कूटीची चाबी हेमराजजवळ आहे. देवळात जायचं तं तो सोडून देते, तोच घेऊन येते. फोन गादीवर आहे. बाजारात जायचं म्हटलं का आई म्हणते, काय पाहिजे ते सांग ना, मी आणते. मी रडली तं बाबा घाबरून जाते, पाठीवरून हात फिरवते, म्हणते, अवं पोरी, महिन्या-दोन महिन्याची तं गोष्ट आहे. त्याइचे डोळे भरून येते. मंग मीच त्याइले समजावते. असं आहे हे. शिव्या दिल्या असत्या तं मी भांडली असती, भांडून निघून गेली असती, तुह्यासारखी.

मले कधी कधी वाटते का परीक्षेत मीबी नापास झाली असती तं बरं झालं असतं. हेमराज नापास झाला तं दिवसभर मोकळा फिरते, पानठेल्यावर बसते, कोणी विचारत नाई.

डॉलर एकोणपन्नास अन् वर काही. लोकसभेची मतमोजणी सोळा तारखेले आहे. बाबा म्हणे, दिल्लीत खिचडी सरकार येते, रुपया पडते, डॉलर उडते. मीबी देवाजवळ तेच मांगून राह्यली. सांग, देश बुडो म्हणून हात जोडणारी पोरगी पाह्यली का कधी?

लवकर लिहिजो.

रक्षा


समुद्रपूर
२० मे २००९

ताई,

'ये, अन् ताटाचं बोलली तं थापड खाशीन.' तुही ही ओळ मी पन्नासदा वाचली. भाऊजीले माहा नमस्कार सांग.

पण कशी येऊ? निकाल लागला अन् देशात खिचडी नाई झाली, धड सरकार आलं. सोमवारी बाजार उघडला अन् डॉलर धाडकन अठ्ठेचाळीसच्या खाली. मी स्क्रीनकडं पाहात होती, बाबा माह्याकडं. आईनं चहा ठेवला तो तसाच थंडा झाला.

पियुष सरचा फोन आला, खात्यात इसार कमी पडला, उद्यापर्यंत भरा नाई तं आम्ही इथूनच सौदा कापतो. मले आतून एवढं हलकं वाटलं, सांगू नाई शकत. म्हटलं चला, कापा. मी काही केलं असंबी होणार नाई अन् माहा रस्ताबी मोकळा.

बाबानं काय केलं माहीत आहे? मागच्या खोलीत यंदाचा थोडा कापूस ठेवला होता, पावसाळ्यानंतर इकू म्हणून. चांगला लांब धाग्याचा. तो मिळंन त्या भावात त्याच संध्याकाळी उचलून देल्ला अन् पैसे भरले. जो माल खरंच दाबून ठेवता आला असता, ताई, तो इकला. जो माल नाईच आहे, तो दाबून ठेवला. मी दारात उभी होती. हमाल गठ्ठे नेत होते अन् बाबा त्याइले 'संभाळून, संभाळून' म्हणत होते.

खोली खाली झाली तशी आई झाडू माराले गेली अन् तिथंच बसून रडली. तेव्हा तिनं मले एक गोष्ट सांगतली, ती मी तुले सांगाव का नाई हे दोन दिवस समजत नव्हतं. सांगते. बाहेर कोणी बाबाले तुह्याबद्दल विचारलं, मोठी पोरगी कुठं असते, तं बाबा म्हणते, नागपूरले शिकून राह्यली. इतक्या वर्षांत कोणालेच सांगतलं नाई का तिचं लग्न झालं. सगळ्या गावाले माहीत आहे. लोक तोंडावर हो हो म्हणते. तुह्या बीएचे मार्कबी सांगते म्हणे बाबा, दर वर्षी जास्त.

मी आयकलं अन् मले समजलं. या माणसाच्या घरी काहीच गेलेलं नसते. बावन्न कधीच होणार नाई अन् मी तिथंच बसून राहीन, म्हातारी होईन, अन् बाबा लोकाइले सांगन, जाणार आहे, पोरगी नोकरीवर जाणार आहे.

रक्षा


समुद्रपूर
२७ मे २००९

ताई,

झालं. तुले पहिले कळलं पाहिजे.

आज मे महिन्याचा सौदा मरणार होता. सकाळपासून बाबा बाजूले बसले. धोतर धुतलेलं, कपाळाले गंध, जसं काही पूजेले बसले. भाव सत्तेचाळीस अन् अठ्ठेचाळीसच्या मधात हालत होता. बाबा म्हणे, चल, जूनचा घेऊन टाक.

मी म्हटलं, "बाबा, मी एक तारखेले चालली."

ते म्हणे, हो, हो, जाजो, पहिले हे कर. लहान लेकरू चंद्र मांगते तेव्हा त्याले जसं हो हो म्हणते ना, तसं. माह्या तोंडाकडंबी पाह्यलं नाई.

मी पुन्हा म्हटलं. या वेळी सगळं म्हटलं. तिथं जमा काही नाई, पैसे गेले, कापूस गेला, अजून एक महिना नेला तं हे घर राह्यते का नाई याचाबी भरोसा नाई. हेमराज दारात येऊन उभा राह्यला. आई आतून आली. बाबा म्हणे, तुले काय समजते व्यापारातलं, मी तुह्या वयाचा होतो तेव्हापासून या गादीवर आहो. खरं आहे, आहेत. त्या गादीवर मलेबी बसवलं होतं, पण मले उठायचं होतं.

मी जुना सौदा इकला. शंभराच्या शंभर. बाबाले वाटलं नेहमीसारखं आधी इकून मंग नवा घेईन, ते वाट पाहात राह्यले. मी माऊस सोडून देल्ला अन् हात मांडीवर ठेवले. स्क्रीनवर काहीच नव्हतं, सगळे रकाने रिकामे.

बाबा म्हणे, जूनचा घे ना.

मी म्हटलं, नाई घेत.

त्याइले समजायला वेळ लागला. हेमराजले पहिले समजलं, तो ओरडला अन् माह्या अंगावर आला. आईनं त्याले धरलं. बाबा मात्र ओरडले नाई. ओरडले असते तं बरं होतं. त्याइनं हळूच विचारलं, किती झालं नुकसान? मी आकडा सांगतला. चार लाखाच्या वर. मी म्हटलं, बाबा, हे आजचं नाई, हे मार्चपासून रोज होऊन राह्यलं होतं.

बाबा उठले, टोपी घातली अन् मले म्हणाले, "आतावरी नव्हतं झालं. तू केलं."

बस, एवढंच. मंग काट्यापाशी जाऊन बसले.

ताई, मी चूक नाई केली. मले माहीत आहे नाई केली, कागदावर हिसाब मांडून कोणालेबी दाखवू शकते. तरी बॅग भरतानी तेच एक वाक्य आयकू येते. रविवारी सकाळच्या गाडीनं येते. जामच्या चौकातून नागपूरची गाडी भेटली तं दुपारपर्यंत पोचीन. स्टँडवर सोडाले कोणी येईन असं वाटत नाई. चाबी हेमराजजवळच आहे, पायीच जाईन.

रक्षा


नागपूर
१४ जून २००९

तीर्थरूप बाबा,

साष्टांग नमस्कार.

मी पोचली, एक तारखेले हजर झाली. काम काऊंटरवर आहे, नोटा मोजाचं. खऱ्या नोटा, हातात धरता येते अशा. सहा वाजता सुटी होते अन् मधात उठली तं कोणी विचारत नाई कुठं चालली. पहिल्या दिवशी मी उगीचच तीनदा उठून पाणी पिऊन आली.

ताईच्या घरी आहो. दोन खोल्या आहे. आदेशभाऊजी पहाटे भाजीच्या आडतीवर जाते, दहाले येते, माणूस कमी बोलते. ताई माह्यासंग भांडते अन् माह्या डोक्याले तेलबी लावून देते. तिले एक पोरगी आहे, तीन वर्षांची. तुम्हाले ठाऊक नाई म्हणून सांगते. नाक तुमच्यावर गेलं आहे, जिद्दबी.

आईचा फोन आला होता, शेजारच्या सुलोचनाबाईच्या घरून. टर्मिनलचे लोक डबा न्याले आले तं तुम्ही नेऊ देल्ला नाई, म्हणे. रोज सकाळी त्याच्यावरची धूळ पुसता अन् पेपरातला डॉलरचा भाव पेनानं भिंतीवर लिहिता. अन् कोणी विचारलं तं सांगता, रक्षा चार दिवसाले नागपूरले गेली, येऊन राह्यली. आई हे सांगतानी हासत होती, पण बाबा, ते हासणं नव्हतं.

मले तुमचा राग आला होता. अजूनबी आहे, खोटं काऊन बोलू? 'तू केलं' म्हटलं तुम्ही. ठीक आहे, मी केलं. पण पुढच्या महिन्यात पगार झाला का मी घरी पैसे पाठवणार आहो, ते वापस करू नका. अन् हेमराजले गादीवर बसवा, कापूस घ्या. दिवाळीले नवा कापूस निघते तेव्हा तुमच्यासारखा धागा पाहणारा माणूस तालुक्यात नाई.

आम्ही दोघीबी येणार आहो भेटाले, पोरीले घेऊन. राह्याले नाई. लोकाइले एकडाव सांगून टाका, मोठीचं लग्न झालं, नात आहे, धाकटी नोकरीवर गेली, वापस येत नाई. तोंडानं म्हणून पाहा, घरात कोणी नसतानी म्हणा पहिले. लय भेव वाटन. मी ते बटन दाबलं तेव्हा मलेबी वाटलं होतं, आता जीव जाते, आता छत पडते. तुम्ही काट्यापाशी बसले होते, आई आत रडत होती, हेमराज शिव्या देत होता. अन् बाबा, त्या दिवशी संध्याकाळी मले भूक लागली.

तुमची
रक्षा